बरणीच्या तोंडावरचं पाणी

धुळ्यात मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "जीभ काढ."

मी काढली. बोदवडहून पत्र्याची ट्रंक घेऊन आलेला माणूस मी. त्यांनी शेपूट काढ म्हटलं असतं तर तेही शोधलं असतं. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची बारीक पट्टी काढली, माझ्या जिभेला टेकवली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तिचा रंग दुसऱ्या एका रंगीत तक्त्याशी जुळवला. मग नाकातून म्हणाले, "साडेसहा. नोंद घे. सामान आण."

तीस वर्षं शाळेत रसायन शिकवून रिटायर झालेला माणूस. गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. 'कागदवाले सर' एवढंच. खिशात चष्मा नसला तर चालायचा, ती पट्टी नसली तर सर अर्ध्या रस्त्यातून घरी परत. हॉटेलात चहा आला की आधी पट्टी बुडवणार. लग्नात पंगतीला बसले की कढीत. एकदा तर गल्लीतल्या मुंजीत तीर्थ हातावर पडलं आणि यांनी तिथेच पट्टी टेकवली. भटजी म्हणाले, "अहो सर, तीर्थ आहे." सर म्हणाले, "सात आहे. साधं पाणी आहे. घाबरू नका." त्यावर भटजी कशाला घाबरतील? घाबरले यजमान.

मला लहानपणापासून नकलांचा नाद. कंडक्टर, हेडमास्तर, बैल विकणारा, बैल विकत घेणारा आणि मधला बैल, सगळे मी एकटा करायचो. सर मला पहिल्या आठवड्यातच पाठ झाले. नाकातला आवाज, प्रत्येक वाक्यानंतर 'नोंद घे', आणि बोलताना डावा हात असा वर, जसा काही अजून खडू धरलाय. त्यांना माझी नक्कल फार आवडायची. फक्त करून झाली की चुका सांगायचे. "मी 'आम्ल' म्हणताना ओठ जास्त मिटतो. पुन्हा कर."

घरात आम्ही दोघंच. म्हणजे माणसं दोघंच. बाकी भाडेकरू कोनाड्यात. भाकरीचे तुकडे, ब्रेडचे तुकडे, केळ्याच्या साली, बशांमध्ये ओळीनं मांडलेले. एकीवर लिंबू पिळलेलं, दुसरीवर मीठ, तिसरीवर व्हिनेगर, चौथीवर पापडखार, एकीवर खायचा चुना, एकीवर मोरचुदाचा निळा दाणा. प्रत्येकीपुढे चिठ्ठी. कुणावर हिरवी बुरशी, कुणावर काळी, कुणावर पांढरी मऊ, मांजराच्या पिल्लाच्या पोटासारखी. मी कामावरून आलो की सर विचारायचे, "काय, बरं आहे ना?" मी म्हणायचो, "बरं आहे सर." ते म्हणायचे, "तुला नाही. तुझ्या मागच्या ब्रेडला."

सरांच्या बाई शिरपूरला मुलाकडे राहायच्या. जाताना म्हणाल्या होत्या म्हणे, "या घरात एक तर मी राहीन, नाहीतर ही केसाळ मंडळी." सरांनी विचार करायला दोन दिवस मागितले. बाई दुसऱ्याच दिवशी एसटीत बसल्या.

पण माणूस येडा नव्हता, हे मला हळूहळू कळलं. ते बुरशीबद्दल असं बोलायचे, जसं आपण भावकीतल्या माणसाबद्दल बोलतो. "बुरशी नाजूक नसते, चोखंदळ असते. तिला थोडं आंबट आवडतं. पाच-सहाच्या आकड्याला तिला माहेरी आल्यासारखं वाटतं. आणखी आंबट करून तीनला आणलं आणि वर भरपूर मीठ घातलं, की तिची वाढ बसते. उलटीकडे पापडखार, चुना घातला, की तिकडूनही बसते. आणि मोरचूद टाकलं तर पळतेच." मग जरा थांबून, "पण मोरचुदानं खाणाराही पळतो. नोंद घे."

हे सगळं मी चेष्टेवारी ऐकायचो. हसायला मिळतंय, भाडं परवडतंय, अजून काय पाहिजे? त्या कोनाड्यातल्या बशांवरून एका बाईच्या अब्रूचा निकाल लागायचाय, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचीही नक्कल केली असती.

मी नोकरीला होतो एका गृहउद्योग संस्थेत. वीसेक बाया लोणची, पापड, कुरडया करायच्या आणि मी ते विकायचो. धुळ्यात लूनावरून, शिरपूर-चाळीसगावला एसटीनं. दुकानदाराच्या काउंटरवर बरणी ठेवायची आणि त्याच्याच बायकोच्या आवाजात म्हणायचं, "अहो, घरचं लोणचं संपलंय, कळतंय का?" निम्मा माल त्यावर खपायचा.

त्या बायांत कौसल्याअक्का सगळ्यात जुन्या. नदीपलीकडच्या बौद्ध वस्तीतून चालत यायच्या. एकोणीस उन्हाळे त्यांनी संस्थेत आडकित्त्यावर कैऱ्या फोडल्या. तो आडकित्ता त्यांचा स्वतःचा होता, लाकडी पाटावर बसवलेला. एका दणक्यात कोयीसकट फोड. हाताखाली न बघता, शेजारणीशी भांडत. मला म्हणायच्या, "काय रे भो, आज कोनी नक्कल करस?" मी म्हणायचो, "तुमची." "कर ना मंग. पन पह्यले एक मन कैऱ्या फोडी दाखाड."

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. मीठ लावणारी म्हातारी मुलाकडे निघून गेली, म्हणून सगळ्यात जुनी बाई या नात्यानं मीठ-हळदीचं काम अक्कांकडे आलं. फोडींना मीठ चोळायचं, हातानं बरण्यांत भरायचं, वर दडपण ठेवून फडकं बांधायचं आणि बारा दिवस मुरू द्यायचं. मसाला नि तेल नंतर. आणि त्याच वर्षी संस्थेला नव्या अध्यक्षबाई मिळाल्या.

अध्यक्षबाई बोलायला इतक्या गोड, की त्यांच्या शब्दांना मुंग्या लागाव्यात. प्रत्येक वाक्याची सुरुवात ठरलेली: "मी कुणाचं नाव घेत नाही हं, पण..." संस्थेच्या भिंतीवर समतेची पाटी, कारण सरकारी मदत मिळायची. त्यामुळे जात हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नाही. पण अक्का मीठ लावायला बसल्या त्या दिवसापासून रोज सकाळी अध्यक्षबाई तांब्या घेऊन मुरणीच्या खोलीत जायच्या. तांब्यात पाणी, त्यात गोमूत्राची धार. बरण्यांची फडकी सोडायची, पळीनं प्रत्येकीच्या तोंडावर शिंपडायचं, परत बांधायची. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही रे, घरच्यासारखं आपलं. मनाला बरं वाटतं."

कापायला तो हात एकोणीस वर्षं चालला. बरणीत गेला की चालेना. आणि हे सगळ्यांना कळत होतं. वीस बायांना कळत होतं, मला कळत होतं, अक्कांना तर कळतच होतं. त्या फक्त खाली मान घालून मीठ चोळायच्या.

आठव्या-नवव्या दिवशी फडकी सोडली तर प्रत्येक बरणीच्या तोंडाशी पांढरी साय. तिच्यावर हिरवे ठिपके. एक-दोन नाही, अक्कांनी भरलेल्या सगळ्या.

अध्यक्षबाईंनी सभा घेतली. म्हणाल्या, "मी कुणाचं नाव घेत नाही हं, पण हाताला गुण असतो. काही हातांना नसतो. त्यात त्यांचा दोष नाही बिचाऱ्यांचा." सगळ्या बाया चटईच्या काड्या मोजत बसल्या. अक्का उठून उभ्या राहिल्या. "मना हातबद्दल बोलतीस का बाई?" अध्यक्षबाई म्हणाल्या, "बघा, मी नाव घेतलं का? त्यांनीच ओढवून घेतलं." आणि अक्कांना मुरणीतून तर काढलंच, आडकित्त्यावरूनही काढलं. अंगणातल्या पापडांवर कावळे हाकलायला बसवलं. एकोणीस वर्षं कैऱ्या फोडलेल्या बाईला, कावळे!

पुढच्या बरण्या दुसऱ्या बाईनं भरल्या. आता शुद्ध करायला काही उरलंच नव्हतं, तेव्हा तांब्याही थांबला. बारा दिवस झाले, बुरशीचा ठिपका नाही. झालं! सिद्धच झालं! अक्का गेल्या, बुरशी गेली. धुळ्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा, तो म्हणेल, अजून काय पुरावा पाहिजे?

आता माझं सांगतो, कारण ते टाळलं तर मीही त्या चटईवरच्या काड्या मोजणाराच. मी त्या सभेची नक्कल बसवली. अध्यक्षबाईंचा गोड आवाज, अक्कांचं उभं राहणं, बायांच्या माना. चाळीसगावच्या दुकानात करून दाखवली. लोक पोट धरून हसले. "हाताला गुण!" म्हणत माझ्या पाठीवर थापा मारल्या. मला वाटलं, मी अध्यक्षबाईंची टिंगल करतोय. दुकानदार जाता जाता म्हणाला, "पण काही म्हणा, असतं तसं. आमच्या आजी सांगायच्या." म्हणजे मी एसटीच्या तिकिटावर अक्कांची बदनामी गावोगाव पोचवत होतो, आणि वर दाद घेत होतो.

तीच नक्कल मी सरांपुढे केली. सोबत एक बिघडलेली बरणी आणली होती. म्हटलं, तुमच्या कोनाड्याला पाहुणा. सर हसले नाहीत. चुकाही सांगितल्या नाहीत. म्हणाले, "तांब्या. तो तांब्याचा भाग पुन्हा कर."

मी केला. पळी, शिंपडणं, फडकं.

"रोज?"

"रोज."

"किती?"

"बरणीला दोन-तीन पळ्या."

सर उठले. बरणीच्या वरच्या पाण्यात एक पट्टी बुडवली. मग काचेची लांब नळी घालून तळातला खार काढला आणि त्यात दुसरी. दोन्ही पट्ट्या बशीत शेजारी ठेवल्या. तळाची लालसर, वरची पिवळट. "खाली तीन. वर साडेपाच," ते म्हणाले. मग तळातल्या खाराचा आणि वरच्या पाण्याचा एकेक थेंब माझ्या जिभेवर. खालचा थेंब इतका खारट-आंबट, की डोळा मिटला. वरचा पुचाट.

"खार जड असतो," सर म्हणाले, आणि डावा हात वर गेला, खडू धरल्यासारखा. "वरून हलकेच टाकलेलं पाणी त्यात लवकर मिसळत नाही, वरच तरंगत राहतं. त्यानं मीठ पातळ झालं, आंबटपणा पातळ झाला. वर गोमूत्र, ते अल्कधर्मी, आम्लाच्या उलट, त्यानं उरलासुरला आंबटपणाही मारला. हवा तर तोंडाशी आहेच. बाईनं बुरशीला अंथरूण घालून दिलं, उशी दिली, आणि रोज सकाळी येऊन विचारलं, झोप लागली का?"

मी म्हणालो, "सर, उद्याच जाऊन सांगू."

"तुझं कोण ऐकणार? माझं तरी कोण? बरण्या सांगतील."

चार बरण्या मांडल्या. त्यासाठी अक्कांना घरी बोलावलं. सरांनी सांगितलं, "बाई, नेहमीसारखं मीठ लावून दोन बरण्या भरून द्या." अक्कांना वाटलं, म्हाताऱ्याला लोणचं खायचंय. त्यांनी मन लावून भरल्या. मला चार शिव्या घालून ताजं मीठ आणवलं. उरलेल्या दोन सरांनी स्वतःच्या हातानं भरल्या, अक्का हसू दाबत बघत होत्या. "सर, ते मीठ चोळतंस का पावडर लावतंस?" मग अक्का गेल्यावर सरांनी त्यांच्या एका बरणीवर आणि आपल्या एका बरणीवर रोज तसंच पाणी शिंपडायला सुरुवात केली. गोमूत्रासाठी मला गवळीवाड्यात पाठवायचे. उरलेल्या दोन कोरड्या. आणि चारींवर लाल शाईनं चिठ्ठ्या.

नवव्या दिवशी दोन बरण्यांवर साय आली. एक अक्कांची, एक सरांची. दोन्ही पाण्याच्या. कोरड्या दोन्ही स्वच्छ. सर पट्ट्या घेऊन नाचायचे तेवढे राहिले. मी त्यांच्याच आवाजात ओरडलो, "नोंद घे!" तर म्हणाले, "ओठ मिट."

संस्थेच्या पुढच्या सभेला आम्ही हातगाडीवर चार बरण्या घेऊन गेलो. अध्यक्षबाईंनी सरांना खुर्ची दिली, चहा दिला. सरांनी चहात पट्टी बुडवली नाही, यावरून मला कळलं की माणूस भयंकर गंभीर आहे. अक्का दाराशी बसल्या होत्या, कावळे हाकलायची काठी शेजारी.

सरांनी एकेक बरणी उचलून चिठ्ठी वाचली. तीस वर्षांचा मास्तर, आवाज अगदी शेवटच्या बाकापर्यंत. "बरणी पहिली. कौसल्याबाईंचा हात, पाणी शिंपडलेलं. बुरशी आहे. बरणी दुसरी. कौसल्याबाईंचा हात, पाणी नाही. बुरशी नाही. बरणी तिसरी. माझा हात, पाणी शिंपडलेलं. बुरशी आहे. बरणी चौथी. माझा हात, पाणी नाही. बुरशी नाही. म्हणजे बुरशीचा संबंध हाताशी नाही, पाण्याशी आहे. सिद्ध झालं."

बायांत कुजबुज झाली. अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावरचा गूळ जरा पातळ झाला. मला वाटलं, जिंकलो. मी अक्कांकडे बघितलं. त्या उठून सरांपुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि मी इतका राग कुणाच्या तोंडावर बघितला नव्हता.

"सर, ती चिठ्ठीवर काय लिखेल शे? परत वाचा."

सरांनी वाचलं. "कौसल्याबाईंचा हात."

"म्हंजी तुमीबी मना हातच तपासी लिधा."

"बाई, तुमचा हात निर्दोष आहे हेच तर मी..."

"ते माले माहीत नव्हतं का?" अक्का म्हणाल्या. "एकोणीस वरीस मी काय करी राहिनू? तिनी पानी टाकं, तुमी कागद लाई दिधा. तिले वाटनं हात बाटेल शे. तुमले वाटनं, बाटेल शे का नही ते पाहूत. इतलाच फरक ना? आणि माले न सांगता! मी तुमले लोनचं भरी दिधं, सर. खावाले दिधं."

  सरांचा डावा हात वर गेला आणि तिथेच अडकला. मी त्यांची प्रत्येक लकब करून दाखवू शकतो, पण तो हात मला आजही जमत नाही. तो कुठे ठेवायचा हेच त्यांना कळत नव्हतं.

मग ते खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर. चारही बरण्यांच्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. डिंक सुकला होता, वेळ लागला, सगळी सभा बघत होती. आणि म्हणाले, "बाई, उत्तर बरोबर आलं. माझा प्रश्नच चुकला. पाणीच तपासायचं होतं. हात मध्ये आणायचंच काही कारण नव्हतं."

 अक्का काठी घेऊन अंगणात गेल्या. त्यांना सर आवडेनासे झाले असं नाही. पण माफी मागितली की ती लगेच द्यायची, असा काही सरकारी नियम नाही.

आता संस्थेनं काय केलं ऐका. ऐकून संताप आला नाही तर मला सांगा. सगळ्यांसमोर पाण्याचा दोष सिद्ध झालेला.  आठवडाभरानं मुरणीच्या खोलीत छापील सूचना लागली:

"कामगार महिलांनी बरणीत ओले हात घालू नयेत. पाण्यामुळे बुरशी होते. हुकमावरून."

कामगार महिलांनी! म्हणजे पाणी टाकलं एकीनं, आणि ते लागलं वीस जणींच्या हाताला. सरांचं सगळं शास्त्र घेतलं, मधली बाई तेवढी काढून टाकली. अक्का होत्या तिथेच, कावळ्यांपाशी.

मी सूचना सरांना पाठ म्हणून दाखवली. त्यांनी लाल शाईचं पेन खिशात घातलं, संस्थेत गेले, मुरणीच्या खोलीत शिरले आणि वहीत चूक दुरुस्त करावी तसं 'कामगार महिलांनी' खोडून वर 'अध्यक्षांनी' लिहिलं. 'ओले हात घालू नयेत' खोडून 'पाणी शिंपडू नये'. खाली सही आणि शेरा: 'शुद्धलेखन ठीक. आशय चूक.'

नवी सूचना लागली. सर परत गेले, परत दुरुस्त केली. तिसरी लागली. सर परत. सकाळी नऊला जायचे, शाळेत जात असतील तसे, इस्त्रीचा शर्ट घालून. चौथ्या वेळी अध्यक्षबाईंनी त्यांना फाटकाच्या आत यायला बंदी केली. सर फाटकाबाहेर उभे राहायला लागले. मे महिन्याचं खानदेशातलं ऊन, डांबर पायाला चिकटतंय, आणि हा पासष्ट वर्षांचा माणूस पेन घेऊन उभा. मी म्हणालो, "सर, घरी चला. तुम्ही वाळून पापड व्हाल." म्हणाले, "चुकीचं उत्तर फळ्यावर ठेवून मी तीस वर्षांत वर्गातून बाहेर गेलेलो नाही." नाकातून नव्हतं हे वाक्य. साध्या आवाजात होतं.

त्या दिवशी मी चाळीसगावला गेलो. ज्या दुकानात नक्कल केली होती, तिथे उभा राहून पाणी, मीठ, तीन आणि साडेपाच, सगळं माझ्या स्वतःच्या आवाजात सांगितलं. कुणी हसलं नाही. एकानं तर विचारलं, "आज नक्कल नाही का?" फार कंटाळवाणं झालं ते. तरी शिरपूरलाही तेच केलं.

जूनच्या सुरुवातीला सातपुड्याच्या पायथ्याहून गावठी कैऱ्यांचा उशिराचा ट्रक आला. ही कैरी आली की थांबत नाही. त्याच दिवशी फोडायला घ्यावी लागते, नाहीतर पाड लागतो, आंबटपणा उतरतो, आणि पाड लागलेल्या कैरीचं लोणचं कुणी घेत नाही. कैऱ्यांचा ढीग अंगणात पडला आणि अध्यक्षबाई सूचना बघायला मुरणीत गेल्या. पाचवी सूचना. सर तर फाटकाबाहेर. तरी ती खोडलेली होती.

लाल शाई नव्हती. हळद होती. बोटानं लिहिलेलं, अक्षरं वाकडीतिकडी, 'ध्य' तर ओळखू येत नव्हता. पण शब्द तोच.

अध्यक्षबाई कागद घेऊन अंगणात आल्या. गोड आवाज गेला होता. "कोणी लिहिलं हे?"

वीस बाया आडकित्त्यांपुढे बसल्या होत्या. सगळ्यांचे हात हळदीचे.

"कोणी लिहिलं? नाव सांगा!"

एक जण म्हणाली, "आम्ही कुणाचं नाव घेत नाही, बाई." आणि आडकित्ता सरकवून मागे बसली. मग तिच्या शेजारची. मग पलीकडची. ठरवलेलं होतं की नाही मला ठाऊक नाही. काही सभा-बिभा झाली नव्हती. नुसते वीस आडकित्ते गप्प झाले.

अकरा वाजले. बारा वाजले. कैऱ्यांच्या ढिगाला गोडसर वास सुटायला लागला. फाटकाबाहेरून सर मला हाक मारत होते, "एक फोड आण!" मी एक कैरी दगडावर फोडून नेली. त्यांनी पट्टी टेकवली आणि गजांतून आत ओरडले, "तीनच्या पुढे सरकलीय! चारला पोचली की माल गेला!"

अध्यक्षबाईंनी घाम पुसला. "काय पाहिजे तुम्हाला?"

कुणी अक्कांकडे बोट दाखवलं नाही. सगळ्या फक्त त्यांच्याकडे बघत होत्या. अक्का पापडांच्या खाटेपाशी उभ्या होत्या.

"बरं, या आत. बसा तुमच्या जागेवर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "झालं ते झालं."

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "काय झालं?"

"म्हणजे तेच, ते बरण्यांचं."

"कसानं झालं?"

फाटकाला सर दोन्ही हातांनी धरून उभे होते. एरवी असा प्रश्न हवेत राहिला की उत्तर द्यायला त्यांचा जीव वळवळायचा. या वेळी त्यांनी ओठ दातांखाली गच्च दाबले होते.

"पाण्यानं," अध्यक्षबाई पुटपुटल्या. "मी... पाणी मी शिंपडलं होतं."

"मांगे ऐकाले नही उनं, बाई."

अध्यक्षबाईंनी कैऱ्यांच्या ढिगाकडे बघितलं, मग बायांकडे. "पाणी मी शिंपडलं होतं!"

ते फाटकाबाहेरही ऐकू गेलं. अक्कांनी काठी खाटेला टेकवली, मुरणीतून आपला आडकित्ता स्वतः उचलून आणला, पदर खोचला आणि बसल्या. पहिली कैरी पात्याखाली धरली. कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले, तशा त्या वैतागल्या.

"बसा वं बायासहोन, कैऱ्या पिकी राहिन्यात."